आकाशांतील पाहुणे आणि जमिनीवरील साक्षीदार

आमच्या हायस्कुलांतील कांहीं विद्यार्थ्यांस अलीकडे विमानें पाहण्याचा नाद लागला आहे. डोक्यावरून विमान गेलें म्हणजे मान वर करणें हें आपण सर्वच करतों. परंतु या मुलांची गोष्ट निराळी आहे. तीं विमानाचीं नोंदणीचीं अक्षरें टिपून घेतात, त्याची जात ओळखतात, तें कोठून आलें व कोठें जाणार याचा शोध करतात, आणि नित्याच्या वहिवाटीबाहेरचें एखादें विमान मुंबईस उतरणार अशी वार्ता लागतांच उन्हाची पर्वा न करितां कुर्ल्याच्या बाजूस जाऊन उभीं राहतात. ज्यांच्यापाशीं कॅमेरा आहे ते त्याचें छायाचित्र घेतात. ज्यांच्यापाशीं नाहीं ते वहींत त्याची आकृति काढतात. गेल्या वर्षभरांत चार-पांच पालकांनीं मजपाशीं या नादाबद्दल तक्रार केली. “यांत मुलांचा लाभ तो काय?” हा त्या सर्वांच्या बोलण्याचा मथितार्थ. प्रश्न रास्त आहे, आणि शाळेच्या वार्षिकांतून त्याचें उत्तर देणें हें शिक्षक या नात्यानें मी आपलें कर्तव्य समजतों. माझें मत प्रथमच सांगून टाकतों: हा छंद चांगला आहे, तो मुलांकडून हिरावून घेऊं नये, मात्र त्यास जागा व शिस्त या दोन गोष्टी मिळवून देणें हें आपणां वडील माणसांचें काम आहे, आणि तें आपण आजवर केलेलें नाहीं.

पालकांचे आक्षेप तीन आहेत. पहिला वेळेचा, दुसरा पैशाचा, आणि तिसरा, जो बहुतेक जण हलक्या आवाजांत सांगतात, पोलिसांचा. पहिल्या दोहोंचें उत्तर सोपें आहे. आठवड्यांतून एक सायंकाळ या कामीं गेल्यास अभ्यास बुडत नाहीं. बुडतो तो घरांत बसून हातांतल्या फोनवर घालविलेल्या रात्रींनीं. पैशाविषयीं म्हणाल तर एक वही व एक पेन्सिल एवढ्या भांडवलावर हा छंद चालतो. कॅमेऱ्यासाठीं बापाच्या मागें लकडा लावणाऱ्या मुलास या छंदाचें मर्म कळलेलें नाहीं असें खुशाल समजावें. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याकडे मी पुढें येतों.

आधीं लाभ कोणता तें पाहूं. मुंबईच्या मुख्य धांवपट्टीच्या एका टोकास ०९ व दुसऱ्या टोकास २७ असे आंकडे आहेत. हे आंकडे कसले? चुंबकसूचीप्रमाणें धांवपट्टीची दिशा अंशांत मोजावयाची व तिला दहांनीं भागावयाचें. २७ म्हणजे २७० अंश, अर्थात् पश्चिम. ०९ म्हणजे ९० अंश, अर्थात् पूर्व. दोन टोकांच्या आंकड्यांत नेहमींच अठरांचें अंतर असावयाचें, कारण सरळ रेषेच्या दोन दिशांत १८० अंशांचा कोन असतो. विमान वाऱ्यास तोंड देऊन चढतें व वाऱ्यास तोंड देऊन उतरतें. म्हणून समुद्रावरून पश्चिमेचा वारा वाहूं लागला म्हणजे विमानें घाटकोपर-कुर्ल्यावरून येऊन जरीमरीच्या घरांवरून उतरतात. सातवींतल्या ज्या मुलास कोन व दिशा यांचा धडा तीन वेळां शिकवूनही उमगला नव्हता, त्यानें एके दिवशीं वर्गांत उभें राहून सांगितलें कीं, आज वारा फिरला आहे, कारण विमानें उलट्या बाजूनें येत आहेत. असा विद्यार्थी भूगोल घोकीत नाहीं. तो भूगोलांत राहतो.

नोंदणीच्या अक्षरांचेंही तसेंच आहे. भारतीय विमानावर आरंभीं व्ही-टी हीं अक्षरें असतात. ब्रिटनचें जी, जर्मनीचें डी, फ्रान्सचें एफ्, अमेरिकेचें एन्, युक्रेनचें यू-आर्. हीं अक्षरें सर्व राष्ट्रांनीं आपसांत ठरवून घेतलेलीं आहेत. आणि जीं राष्ट्रें इतर बाबतींत एकमेकांचें तोंडही पाहूं इच्छीत नाहींत तींसुद्धां हा संकेत पाळतात. मुलें नकाशा उघडतात ती या अक्षरांच्या पाठोपाठ.

तथापि मनाला खरी चालना मिळते ती असामान्य पाहुणा आला म्हणजे. नोव्हेंबर २०२२ मध्यें बेलूगा नांवाचें एअरबस कंपनीचें मालवाहू विमान मुंबईस उतरलें. पांढऱ्या देवमाशासारखें त्याचें फुगीर कपाळ पाहून मोठीं माणसेंही हंसलीं. अशा जातीचीं विमानें अवघीं पांच बांधलीं गेलीं. त्यांतील पहिल्यानें सप्टेंबर १९९४ मध्यें उड्डाण केलें. एका गांवीं बनलेले विमानाचे पंख दुसऱ्या गांवच्या जोडणीच्या कारखान्यांत नेण्यासाठीं हें वाहन योजिलें होतें. त्याचें चित्र घेऊन आलेल्या मुलांस मीं एकच प्रश्न विचारला: वैमानिकाची बैठक इतकी खालीं कां? दोन दिवस विचार करून त्यांनीं उत्तर आणलें. विमानाचें तोंड वर उघडावयाचें, आणि माल समोरून आंत सरकवावयाचा. बैठक जर त्या तोंडांतच असती तर प्रत्येक वेळीं सुकाणूच्या सर्व तारा व नळ्या सोडाव्या लागल्या असत्या. म्हणून बैठक मालाच्या खालीं नेली.

मग मीं त्यांस उलटा प्रश्न घातला: बोइंग ७४७ विमानाच्या पाठीवर उंचवटा कां? कारण तेंच, उत्तर मात्र उलट. १९६९ सालीं तें विमान प्रथम उडालें तेव्हां पुढील काळांत उतारू आवाजाहून वेगवान विमानांनींच जातील, व या मोठ्या विमानास माल वाहावा लागेल, असा अंदाज होता. म्हणून तोंड उघडतां यावें यासाठीं वैमानिकास वरच्या मजल्यावर बसविलें. एकच अडचण, एकानें बैठक खालीं नेली, दुसऱ्यानें वर. अंदाज चुकला, आणि तो उंचवटा जगांतील कोट्यवधि उतारूंच्या ओळखीचा झाला. एअर इंडियाकडे हीं विमानें १९७१ पासून होतीं. त्यांतील शेवटच्या विमानानें २२ एप्रिल २०२४ रोजीं मुंबई सोडली, आणि चढतांना वैमानिकानें पंख डावी-उजवीकडे झुकवून निरोप घेतला. तो क्षण ज्यांनीं टिपला त्यांत व्यवसायानें छायाचित्रकार नसलेले असे कितीतरी हौशी लोक होते.

मुंबईस नसला तरी शेजारच्या हैदराबादेस १३ मे २०१६ रोजीं आणखी एक अपूर्व पाहुणा येऊन गेला. तो म्हणजे आंतोनोव्ह २२५. सहा इंजिनें, बत्तीस चाकें, पंखांचा विस्तार ८८ मीटरांहून अधिक, लांबी ८४ मीटर. सोव्हिएट रशियाच्या अवकाशयानास पाठीवर वाहून नेण्यासाठीं तें युक्रेनमध्यें बांधलें गेलें व १९८८ च्या डिसेंबरांत प्रथम उडालें. अशा जातीचें पुरें झालेलें विमान जगांत एकच होतें. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली तेव्हां कीव्हजवळील होस्तोमेल येथील तळावर त्याचा नाश झाला. आतां तें पाहावयाचें तर छायाचित्रांतच. हैदराबादेच्या कुंपणाबाहेर रात्र जागून उभे राहिलेले लोक त्या वेळीं वेडे ठरले असतील; आज त्यांच्यापाशीं जें आहें तें पैसे देऊनही पुन्हां मिळणार नाहीं.

पाहुणा नेहमींच बोलावलेला असतो असेंही नाहीं. जुहूचा तळ लहान, सांताक्रूझचा मोठा, आणि दोहोंत अंतर थोडें. १९५३ च्या जुलैंत एक ब्रिटिश कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूसच उतरलें, आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजीं एका जपानी विमानानें तीच चूक केली. कॉमेट कांहीं दिवसांनीं तेथून उडवून नेतां आलें. जपानी विमान मात्र धांवपट्टीपलीकडे जाऊन मोडलें, परंतु मनुष्यहानि झाली नाहीं. त्याच जुहूस १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर्. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन उतरले होते, आणि पन्नास वर्षांनीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, तोच प्रवास त्यांनीं एकट्यानें पुन्हां केला. मुंबईच्या मुलास विमानाचा इतिहास शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. तो बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहे.

छायाचित्राविषयीं दोन शब्द. हें काम केवळ बटण दाबण्याचें नाहीं. सूर्य पाठीशीं ठेवावा लागतो, म्हणजे सकाळची व सायंकाळची जागा निराळी. भर दुपारीं तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरते व उत्तम भिंगांतूनही अक्षरें वितळल्यासारखीं दिसतात. जेट विमानास सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग चालतो. पण पंख्याच्या विमानास तोच वेग लावला तर पंखा जागच्या जागीं थिजून विमान आकाशांत टांगल्यासारखें दिसतें. म्हणून तेथें वेग कमी करून सेकंदाच्या सव्वाशेंवा भाग घ्यावा लागतो, आणि विमानाच्या गतीबरोबर कॅमेरा सारख्या हातानें फिरवावा लागतो. दहांतील नऊ चित्रें बिघडतात. धीर, हाताचें स्थैर्य व आपल्याच कामाची कठोर परीक्षा हे गुण जो छंद शिकवितो त्यास रिकामटेंकडेपणा म्हणणें मला योग्य वाटत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, आतां फोनवरच सर्व दिसतें. प्रत्येक विमान आपली जागा, उंची व ओळख बिनतारी संदेशानें सारखें सांगत असतें, आणि तें नकाशावर पाहतां येतें. मग उन्हांत उभें राहण्याचें कारण काय? कारण हेंच कीं, फोन सांगतो ती विमानानें स्वतःविषयीं दिलेली माहिती. डोळा सांगतो तें आपण पाहिलेलें. दुसऱ्यानें सांगितलेलें आणि स्वतः पाहिलेलें यांतील भेद ज्याला कळला तो विद्यार्थी निम्मा शिकला असें मी मानतों. आजच्या काळांत तर या भेदाचें मोल अधिकच वाढलें आहे, कारण खोटीं चित्रें यंत्रानें क्षणांत तयार होतात व खऱ्यांहून खरीं भासतात.

हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. हा छंद मुळांत साक्षीचा छंद आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेच्या किटी हॉक येथील वाळूवर राईट बंधूंचें यंत्र बारा सेकंद उडालें व एकशें वीस फूट गेलें. तेथें पांचच माणसें पाहावयास होतीं: किनाऱ्यावर बुडत्यांस वांचविणाऱ्या पथकांतील तिघे, लांकडाचा एक व्यापारी, आणि गांवांतला एक पोरगा. ऑर्व्हिल राईट यानें तिपाईवर कॅमेरा लावून ठेवला होता, व पथकांतील जॉन डॅनियल्स यास रबरी फुगा दाबण्यास सांगितलें होतें. डॅनियल्सनें पूर्वीं कधीं छायाचित्र घेतलें नव्हतें. त्यानें घेतलेलें तें चित्र आज साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्याच दिवशीं वाऱ्याच्या सोसाट्यानें तें यंत्र उलथून मोडलें. चित्र नसतें तर पांच साध्या माणसांच्या शब्दावर जगानें किती विश्वास ठेवला असता?

उलट आपल्या मुंबईकडे पाहा. १८९५ सालीं चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनीं विमान उडविलें ही कथा आपल्याकडे पुष्कळांस प्रिय आहे. ती खरी ठरली तर मला आनंदच होईल. परंतु त्या उड्डाणाचें छायाचित्र नाहीं, यंत्राचें विश्वसनीय मोजमाप नाहीं, निश्चित समकालीन पुरावा कोणीं पुढें आणलेला नाहीं. आणि म्हणून अभिमानाच्या भाषणांपलीकडे ती कथा सरकत नाहीं. आपल्या देशांत बुद्धीची उणीव कधींच नव्हती. उणीव आहे ती जें घडलें तें त्याच दिवशीं, त्याच जागीं, मोजून मापून लिहून ठेवण्याच्या संवयीची. कुर्ल्याच्या रस्त्यावर वहींत वेळ, वारा, जात व अक्षरें लिहिणारा पोरगा ती उणीव आपल्यापरी भरून काढीत आहे.

अशी संवय राष्ट्राच्याही कामीं येते. ब्रिटनमध्यें १९२५ सालीं निरीक्षकांचें एक दल उभारण्यांत आलें. १९४० च्या हवाई युद्धांत रडार यंत्रांची नजर समुद्राकडे होती. शत्रूचीं विमानें किनारा ओलांडून आंत आलीं कीं त्यांचा माग दुकानदार, शेतकरी, शिक्षक अशा साध्या माणसांनीं डोळ्यांनीं व कानांनीं काढावयाचा. १९४१ च्या आरंभीं विमानें ओळखण्याच्या विद्येस वाहिलेलें एक नियतकालिकही तेथें निघालें, आणि शाळकरी मुलें आकृत्या पाठ करूं लागलीं. या छंदाचें मूळ बरेंच त्या काळांत आहे. म्हणजे ज्यास आज कित्येक जण हेरगिरीचा भाऊ समजतात तो छंद वस्तुतः पहाऱ्यांतून जन्मला.

आणखी एक उदाहरण देतों, आणि तें मला सर्वांत थोर वाटतें. जानेवारी २००४ मध्यें स्पेनच्या मायोर्का बेटावरील पाल्मा विमानतळावर एका हौशी माणसानें एका पांढऱ्या बोइंग ७३७ विमानाचें छायाचित्र घेतलें. अमेरिकेचीं अक्षरें, बाकी विशेष कांहीं नाहीं. पुढें उघड झालें कीं, त्याच विमानानें त्याच सुमारास मॅसिडोनियांतून एका निरपराध जर्मन नागरिकास, नामसादृश्यामुळें दहशतवादी समजून, गुप्तपणें अफगाणिस्तानांत नेलें होतें. त्या माणसाच्या सांगण्यावर प्रथम कोणी विश्वास ठेवीना. परंतु विमानाच्या नोंदी व अशीं चित्रें जुळवितां जुळवितां पत्रकारांस व चौकशी करणारांस त्या प्रवासाचा माग लागला, आणि १३ डिसेंबर २०१२ रोजीं युरोपच्या मानवी हक्कांच्या न्यायालयानें त्या मनुष्याच्या बाजूनें निकाल दिला. चित्र घेणारास यांतील कांहींही ठाऊक नव्हतें. त्यानें फक्त पाहिलें तें खरें टिपलें. बलवंतांचें खोटें उघडें पाडण्यास कित्येकदां तेवढेंच पुरतें.

आतां तिसरा आक्षेप. तो काल्पनिक नाहीं. नोव्हेंबर २००१ मध्यें ग्रीसमधील कालामाता येथें बारा ब्रिटिश व दोन डच छंदी लोकांस हेरगिरीच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. त्यांस शिक्षाही झाली, आणि वर्षानंतर वरच्या न्यायालयानें ती रद्द केली. फेब्रुवारी २०१० मध्यें दिल्लींत विमानतळाजवळील हॉटेलांत उतरलेल्या दोघां ब्रिटिश नागरिकांस अटक झाली, कारण त्यांच्यापाशीं दुर्बिणीबरोबर वैमानिकांचें बोलणें ऐकण्याचें यंत्रही होतें. आपल्याकडे १९३७ च्या विमान-नियमांत सरकारी विमानतळावर व उडत्या विमानांतून परवानगीवांचून छायाचित्र घेण्यास बंदी घालण्यांत आली, व १९२३ च्या गुप्ततेच्या कायद्यानें लष्करी जागा निषिद्ध ठरविल्या. पुण्याचा लोहगांव तळ हवाई दलाचा आहे, गोव्याचा दाबोळी तळ नौदलाचा. तेथें कॅमेरा बाहेर काढणें हा छंद नव्हे, तो मूर्खपणा आहे. ज्या देशानें नोव्हेंबर २००८ ची मुंबई पाहिली त्यानें सावध राहावें यांत वावगें कांहीं नाहीं.

परंतु सावधपणा व अन्याय यांत अंतर आहे. आमच्या नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील रिक्षा चालवितात. त्यांचें घर विमानांच्या उतरण्याच्या वाटेखालीं आहे. विमानांच्या आवाजानें दिवसांतून शंभर वेळां त्या घरांतलें बोलणें थांबतें, आणि त्या घरांतलें कोणीही अद्याप विमानांत बसलेलें नाहीं. हा मुलगा एके दुपारीं सार्वजनिक रस्त्यावर उभा राहून वहींत आंकडे लिहीत होता. त्याच रस्त्यावर, दहा पावलांवर, एक गृहस्थ मोटारीशेजारीं उभे राहून हातभर लांब भिंगानें चित्रें घेत होते. त्यांस कोणीं हटकलें नाहीं. वहीवाल्या मुलास मात्र चौकीवर नेण्यांत आलें. निरोप मिळतांच त्याच्या वडिलांसह मी गेलों. तेथील अधिकाऱ्यांनीं आमचें म्हणणें ऐकून घेतलें, वही परत दिली, व मुलास समज देऊन सोडलें. त्यांच्याविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु वडील वाटेंत मुलास एवढेंच म्हणाले, “बाळा, वर बघण्यापायीं आपल्यासारख्यांनीं खालीं पडूं नये.” त्या दिवसापासून त्या मुलानें वही शाळेंत आणलेली नाहीं.

या वाक्यानें मला फार अस्वस्थ केलें आहे. त्या बापाचें भय खोटें नाहीं, आणि त्याच्या जागीं मी असतों तर मीही तेंच बोललों असतों. परंतु ज्याच्या छपरावरून विमानें जातात त्यानें तीं पाहूं नयेत, आणि ज्याच्यापाशीं मोटार आहे त्यानें पाहावींत, अशी वांटणी आकाशाची कोणीं केली? संशय हा कपड्यांवरून येत असेल तर तो देशाचें रक्षणही करीत नाहीं. कारण खरा दुष्ट मनुष्य चांगले कपडे घालून येईल, हें सांगावयास शिक्षक लागत नाहीं.

यावर उपाय मुलांस घरांत कोंडणें हा नव्हे. उपाय आहे तो पाहण्यास उघडी, मान्य जागा देणें हा. इंग्लंडांत मॅंचेस्टरच्या विमानतळानें धांवपट्टीलगत लोकांसाठीं बागच केली आहे, व तेथें एक जुनें कॉन्कॉर्ड विमान ठेवलें आहे. टोकियोच्या हानेदा विमानतळाच्या गच्च्या पाहणारांस मोकळ्या आहेत. अशा जागेमुळें पहारा सैल होत नाहीं, उलट सोपा होतो: कोण आला, कोण गेला हें दिसतें, आणि नेहमीं येणाऱ्या लोकांच्याच नजरेस अनोळखी हालचाल आधीं पडते. मुंबईच्या विमानतळाच्या चालकांनीं असा एक सज्जा बांधावा, अल्प शुल्क ठेवावें, व शाळांस महिन्यांतून एक दिवस तो विनामूल्य द्यावा, अशी विनंति पालकांच्या सह्यांनिशीं करावयाची आहे. आमच्या पालकांपैकीं पुष्कळ जण विमानतळावरच सामान चढविण्याच्या, सफाईच्या व पहाऱ्याच्या कामावर आहेत. त्यांच्या सह्या सर्वांच्या आधीं असाव्यात, अशी माझी इच्छा आहे. या अर्जास उत्तर येईल कीं नाहीं हें मी सांगूं शकत नाहीं. परंतु न मागितलेली वस्तु मिळत नाहीं, हें मात्र निश्चित.

तोंवर शाळेनें आपल्या हातीं आहे तें करावें. माझी सूचना अशी आहे. या छंदाच्या विद्यार्थ्यांची एक मंडळी स्थापन व्हावी. प्रत्येकापाशीं मुख्याध्यापकांच्या सहीचें ओळखपत्र असावें. एकट्यानें जाऊं नये, दोघांतिघांनीं जावें, व घरीं सांगून जावें. रस्त्याच्या कडेस किंवा गच्चीवरच उभें राहावें. भिंतीवर, पुलाच्या कठड्यावर वा कोणाच्या छपरावर चढूं नये. कुंपण, चौकी, पहारेकरी व लष्करी विमान यांचें चित्र घेऊं नये. वैमानिकांचें बोलणें ऐकणारें यंत्र जवळ ठेवूं नये. शिपायानें थांबविलें तर कॅमेरा लपवूं नये, पळूं नये. वही उघडून दाखवावी व आपलें नांव खरें सांगावें. विमानानें उडविलेला वारा किती प्रचंड असतो हें ठाऊक नसल्यामुळें कॅरिबियन समुद्रांतील सेंट मार्टिन बेटावर जुलै २०१७ मध्यें कुंपणाशीं उभी असलेली एक प्रवासी स्त्री प्राणास मुकली. म्हणून अंतर राखावें. आणि जें पाहिलें नाहीं तें वहींत लिहूं नये. या शेवटच्या नियमास अपवाद नाहीं. मित्रानें सांगितलेलें विमान आपल्या यादींत घालणें ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण तेथेंच सर्व नासतें.

पालकहो, आपल्या मुलाच्या हातीं अशी वही दिसली तर ती हिसकावून घेण्यापूर्वीं एकदां उघडून पाहा. तींत तारीख असेल, वेळ असेल, वाऱ्याची दिशा असेल, आणि कोणीं न सांगतां घेतलेले कष्ट असतील. परीक्षेच्या कागदावर याचे गुण मिळणार नाहींत. परंतु पुढें हा मुलगा रुग्णाची नाडी मोजील, पुलाचा भार मोजील, न्यायालयांत साक्ष देईल, किंवा आपल्या वडिलांची रिक्षाच चालवील. प्रत्येक ठिकाणीं जगास त्याजकडून हवें असेल तें हेंच, कीं यानें नीट पाहावें आणि पाहिलें तें खरें सांगावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एक काम सांगतों. नववींतील त्या मित्राची वही बंद पडली आहे. तुमच्यापैकीं ज्यांच्यापाशीं कॅमेरे आहेत त्यांनीं पुढच्या शनिवारीं जातांना त्यास बरोबर घेऊन जावें, आणि त्याच्या वडिलांस मीं भेटून परवानगी मागितली आहे असें सांगावें. मी आजच त्यांस भेटावयास जात आहें.